सापाची चाल आणि तारेची स्मृती : प्राध्यापक शिगेओ हिरोसे यांच्या संशोधनाचा अभ्यास

यंत्रमानव हा शब्द उच्चारला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दोन हात, दोन पाय आणि काचेचे डोळे असलेली धातूची आकृती उभी राहते. विज्ञान प्रदर्शनासाठी विद्यार्थी पुठ्ठ्याचे आणि थर्माकोलचे यंत्रमानव करतात, तेही बहुधा असेच असतात. यंत्राने माणसासारखे दिसावे ही अपेक्षा आपल्या मनात इतकी खोल रुजली आहे, की तिच्याविषयी शंका घ्यावी असे सहसा कोणाला वाटत नाही. जपानमधील एका अभियांत्रिकी प्राध्यापकाने मात्र ही अपेक्षा बाजूला ठेवून आपले सारे आयुष्य यंत्रे घडविण्यात घालविले. त्यांचे नाव शिगेओ हिरोसे. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील त्यांच्या प्रयोगशाळेत सरपटणारी, जिना चढणारी, ढिगाऱ्यात शिरणारी आणि जमिनीतले सुरुंग शोधणारी यंत्रे जन्माला आली.

या स्मरणिकेसाठी त्यांच्या कार्याचा परिचय करून देताना पदव्या आणि पारितोषिके यांची यादी देण्याचा आमचा विचार नाही. आमचे अनेक माजी विद्यार्थी आज अभियांत्रिकीच्या क्षेत्रात आहेत आणि आजच्या विद्यार्थ्यांपैकी काही उद्या त्या वाटेने जातील. यंत्र कसे करावे हे त्यांना महाविद्यालयात शिकविले जाईलच. कोणत्या कामासाठी करावे, हा प्रश्न मात्र अभ्यासक्रमात क्वचितच येतो. हिरोसे यांच्या संशोधनाकडे आम्ही या प्रश्नाच्या अंगाने पाहणार आहोत.

१. आरंभ सापापासून

हिरोसे यांचा जन्म १९४७ साली टोकियो येथे झाला. योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठातून १९७१ मध्ये पदवी घेतल्यावर ते टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत दाखल झाले. तेथे प्राध्यापक योजी उमेतानी यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी नियंत्रण अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि १९७६ मध्ये डॉक्टरेट मिळविली. संशोधनासाठी त्यांनी जो विषय हाती घेतला तो त्या काळी अनेकांना चमत्कारिक वाटला असेल : पाय नसलेला साप पुढे कसा जातो?

आपल्यापैकी ज्यांचे बालपण शेतात गेले त्यांनी हे दृश्य पाहिलेले आहे. ढेकळांतून साप सरसर निघून जातो. परंतु तोच साप घरातल्या गुळगुळीत फरशीवर आला, तर जागच्या जागी वळवळत राहतो आणि पुढे मात्र फारसा सरकत नाही. यामागचे कारण घर्षणात आहे. सापाच्या पोटाखालच्या खवल्यांची रचना अशी असते, की अंगाच्या लांबीच्या दिशेने तो सहज घसरतो, पण आडव्या दिशेने घसरताना त्याला अधिक विरोध होतो. बैलगाडीच्या चाकाचा गुण हाच आहे. गाडी पुढे ओढली तर चाक फिरते. तीच गाडी बाजूला ढकलू पाहिली तर ती हलत नाही. साप आपल्या अंगाला वळणे देऊन जमिनीला बाजूने रेटा देतो आणि आडवे घसरणे अवघड असल्यामुळे त्याचे शरीर पुढे सरकते. फरशीवर हा आडवा आधार मिळत नाही, म्हणून तेथे त्याची चाल फसते.

हिरोसे यांनी जिवंत सापांवर निरीक्षणे व मोजमापे करून त्यांच्या अंगाच्या वळणाचे गणित मांडले. सापाच्या शरीराचा बाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाटेप्रमाणे सावकाश वाढत आणि ओसरत जातो, असे त्यांना आढळले. या वक्राला त्यांनी ‘सर्पेनॉइड’ असे नाव दिले. त्या गणिताच्या आधारे १९७२ मध्ये त्यांनी एक यंत्र तयार केले. ते सुमारे २ मीटर लांब होते, त्याला २० सांधे होते आणि सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर इतक्या वेगाने ते सरपटत होते. सापासारखे सरपटणारे जगातील पहिले यंत्र म्हणून त्याची नोंद घेतली जाते.

या यंत्राच्या पोटाखाली लहान चाके होती, परंतु त्या चाकांना फिरविणारी मोटार नव्हती. मोटारी होत्या त्या सांध्यांमध्ये, यंत्राचे अंग डावीकडे आणि उजवीकडे वाकविण्यासाठी. चाकांचे काम एवढेच होते, की पुढे जाणे सोपे करावे आणि आडवे घसरणे अवघड करावे. म्हणजे खवल्यांचे काम चाकांनी केले. हिरोसे यांनी सापाचा रंग घेतला नाही, कातडी घेतली नाही, डोळे आणि जीभही घेतली नाही. त्यांनी सापाची युक्ती तेवढी घेतली. निसर्गाचे अनुकरण आणि निसर्गाचा अभ्यास यांतील भेद समजावून सांगण्यासाठी याहून सोपे उदाहरण आम्हाला आढळले नाही.

२. शहाणपण कोठे ठेवायचे?

सापाच्या अभ्यासातून पुढे यंत्राच्या हाताचा विचार निघाला. कारखान्यातील यंत्राचा हात ठरावीक मापाची वस्तू उचलण्यात तरबेज असतो; पण एकदा बाटली, एकदा पपई आणि एकदा अंडे उचलायचे झाले, तर प्रत्येक वेळी किती जोर लावायचा याचा हिशेब करावा लागतो. यावर एक उपाय असा, की हातावर अनेक संवेदक बसवावेत आणि संगणकाकडून तो हिशेब करवून घ्यावा. हिरोसे आणि उमेतानी यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मृदू पकडी’मध्ये निराळाच मार्ग घेतला. साखळीसारख्या जोडलेल्या दुव्यांवर लहानमोठ्या कप्प्या बसवून त्यांवरून त्यांनी तार ओवली. ही एक तार ओढली, की सारे दुवे वस्तूभोवती तिच्या आकाराप्रमाणे लपेटले जात आणि सर्वत्र जवळजवळ सारखा दाब पडे. हत्ती सोंडेने ओंडका उचलतो तशी ती पकड होती. कप्प्यांची मापेच अशी निवडली होती, की दाबाची समान वाटणी आपोआप व्हावी.

येथे एक मोठा प्रश्न उभा राहतो. यंत्राचे शहाणपण कोठे ठेवायचे? ते सारे संगणकात ठेवावे, की काही भाग यंत्राच्या देहातच ठेवावा? हिरोसे यांचा कल देहाकडे होता. त्यांच्या चार पायांच्या यंत्रांतही तो दिसतो. १९८० च्या सुमारास त्यांच्या एका यंत्राने पायांना बसविलेल्या स्पर्शसंवेदकांच्या साहाय्याने पायरी ओळखून जिना चढून दाखविला. त्या पायांची रचना करताना त्यांनी शरीराचे वजन पेलणारी मोटार आणि पाय पुढेमागे नेणारी मोटार यांची कामे वेगळी ठेवली. तसे केले नाही, तर एक मोटार दुसरीच्या विरुद्ध झगडत राहते आणि वीज वाया जाते. आजही बॅटरीवर चालणारे यंत्र किती वेळ काम करू शकेल, हे पुष्कळदा अशाच निर्णयांवर ठरते.

३. आठवण ठेवणारा धातू

शहाणपण देहात ठेवायचे, या विचाराची पुढची पायरी म्हणजे ते थेट पदार्थातच ठेवणे. अशा पदार्थांना आज सर्वत्र ‘स्मार्ट मटेरियल’ म्हटले जाते. आपण त्यांना प्रतिसादी पदार्थ म्हणू या. बाहेरून उष्णता, दाब, वीज किंवा चुंबकत्व मिळाले, की हे पदार्थ ठरावीक रीतीने प्रतिसाद देतात. स्वयंपाकघरातला गॅस पेटविण्याचा लायटर हे त्याचे घरगुती उदाहरण. त्याचा खटका दाबला, की आतल्या स्फटिकासारख्या तुकड्यावर आघात होतो, वीजदाब निर्माण होतो आणि ठिणगी पडते. दाबाने वीज निर्माण करण्याचा हा गुण ज्याक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिला होता.

यंत्रमानवाच्या दृष्टीने विशेष आकर्षक ठरला तो स्मृतिधातू. निकेल आणि टायटॅनियम यांचे अणू जवळजवळ समान संख्येने एकत्र करून केलेल्या या मिश्रधातूवर अमेरिकेच्या नौदलाच्या एका प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी १९५९ मध्ये काम सुरू केले. दोन्ही धातूंची आणि त्या प्रयोगशाळेची आद्याक्षरे जोडून त्याला ‘निटिनॉल’ हे नाव मिळाले. पुढे एका बैठकीत या धातूची दुमडलेली पट्टी हातोहात फिरत असताना कोणीतरी तिला लायटरची आंच दिली आणि ती पट्टी आपोआप सरळ झाली. धातूला आपला मूळ आकार आठवतो, हे तेव्हा ध्यानात आले.

ही आठवण म्हणजे अणूंच्या मांडणीतला बदल. थंड असताना या धातूतील अणूंची मांडणी अशी असते, की तो सहज वाकतो. तापविल्यावर अणू आपल्या मूळ, अधिक सुबक मांडणीत परत जातात आणि त्याबरोबर सारी तार पहिला आकार घेते. तो आकार आधी शिकवावा लागतो. तार हव्या त्या आकारात घट्ट धरून सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविली, की तो तिच्यात मुरतो. दात सरळ करण्यासाठी लावायच्या तारा आणि रक्तवाहिनी मोकळी ठेवणाऱ्या काही जाळ्या या धातूच्या असतात.

अशा ताणलेल्या तारेतून वीज सोडली, तर ती तापते आणि आखडते. वीज बंद करून थंड होऊ दिली, तर तिला पुन्हा ताणता येते. म्हणजे ही तार स्नायूचे काम करू शकते. तिला दंतचक्रे नकोत, तिचा आवाज नाही आणि जागाही फार थोडी लागते. अडचण अशी होती, की तार नेमकी किती आखडली हे कळल्याशिवाय तिच्यावर ताबा ठेवता येत नाही आणि त्यासाठी वेगळा मापक बसविला, तर जागा वाचविण्याचा हेतूच विफल होतो. हिरोसे आणि त्यांचे सहकारी कोजी इकुता यांनी १९८० च्या दशकात त्यावर मार्ग शोधला. अणूंची मांडणी बदलते तसा तारेचा विद्युतरोधही बदलतो. तो रोध मोजला, की तारेच्या आतील स्थितीचा अंदाज येतो. स्नायू आणि ज्ञानतंतू ही दोन्ही कामे एकच तार करू लागली.

या तारेचा उपयोग त्यांनी शरीराच्या आत डोकावणाऱ्या नळीसाठी करून पाहिला. एंडोस्कोपी करून घेतलेल्या रुग्णाला विचारले, तर त्या नळीचा त्रास काय असतो ते तो सांगेल. आतड्याची वळणे अरुंद आणि नाजूक असतात व नळी मागून ढकलावी लागते. नळी स्वतःच प्रत्येक वळणावर वळू शकली, तर आतड्याच्या भिंतीवर ताण कमी पडेल, हा या संशोधनाचा हेतू होता. १९८८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. सापाची चाल आणि तारेची स्मृती येथे एकत्र आली.

अर्थात या धातूला मर्यादाही आहेत. तार तापते लवकर, पण थंड व्हायला वेळ लावते. म्हणून तिची हालचाल संथ असते. दिलेल्या विजेचा बराच मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. त्यामुळे हिरोसे यांनी आपल्या मोठ्या यंत्रांसाठी मोटारीच वापरल्या. नवा पदार्थ हाती आला, की तो सर्वत्र वापरून पाहण्याचा मोह होतो. तो मोह त्यांनी टाळला.

४. ढिगारा आणि सुरुंग

१७ जानेवारी १९९५ रोजी जपानमधील कोबे शहर व परिसर भूकंपाने हादरला आणि सहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. महाराष्ट्राला हे दुःख परके नव्हते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासच्या गावांत दगडमातीच्या घरांखाली हजारो लोक गाडले गेले होते. अशा वेळी ढिगाऱ्याखाली कोणी जिवंत आहे का हे पाहण्यासाठी माणूस आत शिरू शकत नाही. शिरला, तर वरचा भाग कोसळून त्याचाही जीव जाण्याचा धोका असतो. कोबेनंतर जपानमध्ये शोधकार्यासाठी यंत्रे करण्याच्या प्रयत्नांना वेग आला. हिरोसे यांच्या प्रयोगशाळेतील सापाच्या अभ्यासाला येथे नवे काम मिळाले. रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारे तीन लहान भाग एकमेकांना जोडून त्यांनी ‘सोर्यू’ हे यंत्र तयार केले. सोर्यू म्हणजे निळा ड्रॅगन. एक भाग अडकला, तर उरलेले दोन त्याला उचलून, वळवून पुढे नेऊ शकत.

त्यानंतरचे त्यांचे मोठे काम भूसुरुंगांचे. कंबोडियामध्ये युद्धे संपून वर्षे लोटली, तरी शेतांत आणि पायवाटांवर पेरलेले सुरुंग तसेच राहिले होते. सरपण गोळा करणारी स्त्री, गुरांमागे जाणारा मुलगा, नांगर धरणारा शेतकरी यांच्या पायाखाली ते फुटत. सुरुंग काढणारा माणूस गुडघ्यांवर बसून हातभर जमीन तपासतो, मग पुढची हातभर. प्रत्येक हातभर जमिनीत त्याचा जीव पणाला लागलेला असतो.

हिरोसे हे चालणाऱ्या यंत्रांचे जगप्रसिद्ध तज्ज्ञ. साहजिकच त्यांनी आरंभी या कामासाठी पायांचेच यंत्र योजिले. त्याच्या पायाला निरनिराळी अवजारे लावता येत. परंतु गावखेड्यात नेऊन वापरायचे यंत्र स्वस्त, दणकट आणि सहज दुरुस्त होणारे हवे. म्हणून पुढे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारात मिळणारी चार चाकांची लहान गाडी घेतली आणि तिच्यावर एक लांब हात बसविला. हाताच्या टोकाला धातुशोधक व जमिनीच्या आत पाहणारे रडार होते. ‘ग्रिफॉन’ असे या यंत्राचे नाव. गाडी सुरक्षित जागी उभी राहते, हात पुढच्या जमिनीवरून फिरतो, संशयास्पद जागेवर रंगाची खूण करतो आणि चालक हे सारे दूर अंतरावरून पाहतो. क्रोएशिया आणि कंबोडियामध्ये त्याच्या क्षेत्रचाचण्या झाल्या. खुणेच्या जागेवरील सुरुंग काढण्यासाठी प्रशिक्षित माणूस अजूनही लागतोच. पण शोधण्याचे जोखमीचे काम यंत्राकडे जाते.

ज्याने आयुष्यभर पायांचा अभ्यास केला, त्याने काम ओळखून पाय बाजूला ठेवले आणि चाके स्वीकारली. हिरोसे यांच्या कारकिर्दीतील हा निर्णय आम्हाला त्यांच्या कोणत्याही शोधाइतकाच मोलाचा वाटतो. आपल्या विद्येचे प्रदर्शन करण्याची संधी समोर असताना ती सोडून देणे विद्वानाला सोपे नसते.

२००४ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेतील यंत्रे प्रत्यक्ष वापरात आणण्यासाठी ‘हायबॉट’ ही कंपनी स्थापन झाली. उच्चदाबाच्या वीजतारांवरून सरकत त्यांची तपासणी करणारे यंत्र या कंपनीने तयार केले. त्याचाही आकार माणसासारखा नाही. माणसासारखे यंत्र करून त्याच्याकडून घाटावर कपडे धुवून घेण्याचा कोणी हट्ट धरला असता, तर कपडे धुण्याचे यंत्र आपल्या घरात आलेच नसते. फिरते पिंप हा त्या कामाचा योग्य आकार होता.

५. आपल्या दाराशी असलेले काम

कंबोडियाच्या शेतातला सुरुंग आपल्यापासून दूर आहे. परंतु जेथे माणसाला जीव मुठीत धरून उतरावे लागते अशी जागा आपल्या शहरांत पावलोपावली, रस्त्यावरच्या लोखंडी झाकणाखाली आहे. तुंबलेल्या गटारात आणि मैल्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू साठतात. उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. त्याला वाचविण्यासाठी दुसरा उतरतो आणि तोही परत येत नाही. या कामावर पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या समाजातील माणसे जुंपली गेली, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये पहिला केंद्रीय कायदा झाला आणि २०१३ मध्ये अधिक व्यापक कायदा झाला. २७ मार्च २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती रक्कम ३० लाखांपर्यंत वाढविली. कायदा आहे, भरपाईही आहे. तरीही मृत्यूच्या बातम्या थांबलेल्या नाहीत.

२०१५ मध्ये केरळमधील कोळिकोड येथे गटारात उतरलेले दोन कामगार आणि त्यांना वाचवायला धावलेला एक रिक्षाचालक असे तिघे मरण पावले. त्या घटनेने अस्वस्थ झालेल्या केरळमधील काही तरुण अभियंत्यांनी ‘जेनरोबोटिक्स’ या कंपनीच्या वतीने गटार साफ करणारे यंत्र तयार केले आणि २०१८ मध्ये ते तिरुवनंतपुरम येथे कामाला लागले. त्याचे नाव ‘बँडिकूट’, म्हणजे आपली घूस. ते झाकणाच्या तोंडावर उभे राहते, त्याचा हात खाली उतरून गाळ उचलतो, कॅमेऱ्यातून आतले दिसते आणि विषारी वायूंची सूचना मिळते. ते चालविण्याचे प्रशिक्षण सफाई कामगारांनाच देण्यात आले. जो काल आत उतरत होता, तो आज वर उभा राहून यंत्र चालवितो. त्याची रोजीरोटी गेली नाही आणि त्याचा जीवही सुरक्षित राहिला.

यंत्र आले म्हणजे अन्याय संपला, असे आम्ही म्हणत नाही. यंत्र खरेदी करणे, ते दुरुस्त ठेवणे, अरुंद गल्लीत पोहोचविणे आणि कंत्राटदाराला कायदा पाळायला लावणे ही सारी कामे माणसांनाच करावी लागतात. पण ‘दुसरा उपायच नाही’ ही सबब यंत्रामुळे उरत नाही, हे काही थोडे नव्हे. अशा जागा कोठे कोठे आहेत हे मात्र अभियंत्याला कोणीतरी सांगावे लागते, आणि ज्यांच्या घरातली माणसे तेथे राबली आहेत त्यांच्याइतके ते कोणाला ठाऊक असणार? आपल्या समाजातील मुलामुलींनी अभियांत्रिकीत जाणे त्यांच्या कुटुंबाइतकेच त्या विद्याशाखेसाठीही का आवश्यक आहे, याचे उत्तर आम्हाला येथे मिळते.

६. अभ्यासासाठी

विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी मिळून करून पाहण्यासारखे काही उपक्रम व प्रश्न पुढे देत आहोत.

पहिला : निटिनॉलच्या तारेचा लहान तुकडा विज्ञान साहित्याच्या दुकानातून मागवावा. तो बोटांनी हलकेच वाकवून, शिक्षकांच्या देखरेखीखाली, चिमट्याने गरम पाण्यात धरावा. साध्या लोखंडी तारेवर हाच प्रयोग करून दोहोंतील फरक लिहून काढावा.

दुसरा : चार-पाच लाकडी ठोकळे बिजागऱ्यांनी जोडून, त्यांखाली लहान चाके बसवून साप तयार करावा. प्रथम चाकांसह आणि मग चाके काढून त्याला डावी-उजवीकडे वळवीत न्यावे. तो कोणत्या वेळी पुढे सरकतो आणि का?

तिसरा : घरातील कोणत्या वस्तूंमध्ये शहाणपण संगणकात आहे आणि कोणत्या वस्तूंमध्ये ते रचनेत किंवा पदार्थात आहे, याची यादी करावी. प्रेशर कुकरच्या शिट्टीपासून आरंभ करावा.

चौथा : आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे, की त्यांनी आयुष्यात केलेले कोणते काम माणसाच्या वाट्याला येऊ नये असे त्यांना वाटते. ते काम कोठे होते, त्यात कोणता धोका असतो, किती जागा मिळते, काय उचलावे लागते, हे सारे वहीत नीट लिहून घ्यावे. मगच त्या कामासाठी यंत्राचे चित्र काढावे. आणि त्या चित्रात हात, पाय व डोके खरोखर लागतात का, ते तपासून पाहावे.